डब्याची मागची बाजू

माझ्या टेबलाचा उजवीकडचा खालचा खण गेलं वर्षभर नीट बंद होत नव्हता. त्यात अकरा डबे-बाटल्या होत्या. मुलगी त्याला 'आईचं औषधांचं दुकान' म्हणायची, पण त्यातली औषधं म्हणाल तर दोनच. बाकी सगळी सिबो नावाच्या पोटाच्या आजारापायी घेतलेली पूरकं, म्हणजे कॅप्सूल, पावडरी, थेंब. मागच्या आठवड्यात सुट्टी काढली, खण जमिनीवर उलटा केला आणि एकेक डबा हातात घेऊन ठरवलं की हा राहणार की जाणार. हे परीक्षण त्या दुपारचं आहे.

मी मुद्रितशोधक आहे. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचा मजकूर तपासते आहे, त्यामुळे एक खोड लागलीय. कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायची आणि मागचं बारीक टायपातलं वाचायचं. पुढच्या बाजूला 'आतड्यांचा मित्र' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आत काय आहे ते मागे असतं. या आजारात ही खोड मला डॉक्टरांखालोखाल उपयोगी पडली. म्हणजे पडायला हवी होती. तीन वेळा मी मागची बाजू न वाचता घेतलं आणि तिन्ही वेळा भोगलं. ते पुढे येईल.

आजाराचं पूर्ण नाव स्मॉल इंटेस्टाइनल बॅक्टेरियल ओव्हरग्रोथ, म्हणजे लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ. सगळे सिबो म्हणतात, मीही तेच म्हणते. सकाळी पोट सपाट, संध्याकाळी तट्ट. दुपारी चारनंतर कपड्यांचं बटण सैल करायचं आणि मग कामाला बसायचं, हे माझं तीन वर्षं चाललं होतं. ढेकर, गुडगुड, कधी पातळ तर कधी काहीच नाही. बसमध्ये एका भल्या मुलीने मला उठून जागा दिली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. मी बसले. तिला काय सांगणार?

तीन वर्षं 'ॲसिडिटी आहे' म्हणून आम्ल कमी करणारी गोळी घेत राहिले. पोटातलं आम्ल हा जिवाणूंना अडवणारा पहिला दरवाजा असतो आणि या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये सिबोचा धोका वाढतो असं आढळलंय, हे मला नंतर कळलं. (म्हणून उद्या उठून गोळी बंद करू नका. काहींना ती खरोखर लागते. मी डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडली.)

गाठ सुटली ती रक्ताच्या अहवालावरून. बी १२ कमी आणि फोलेट मात्र वरच्या टोकाला. मला ती छपाईची चूक वाटली, कारण खाणं तेच, माणूस तोच, मग एक जीवनसत्त्व उपाशी आणि दुसरं तुडुंब कसं? नव्या डॉक्टर बाई त्या दोन आकड्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुमचं बी १२ कुणीतरी वाटेतच खातंय, आणि फोलेट कुणीतरी आत बसून बनवतंय." दोन्ही उद्योग जिवाणूंचे. मोठ्या आतड्यात त्यांचं घरच असतं, तिथे दर मिलिलिटरला शंभर अब्ज आणि त्याहूनही जास्त. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र ते हजाराच्या आत असायला हवेत. तिथे गर्दी झाली की आपण खाल्लेलं आपल्या आधी ते खातात आणि त्याचा वायू करतात. मोठ्या आतड्यात होणारं आंबवणं चुकीच्या मजल्यावर सुरू होतं.

आता श्वासाच्या तपासणीबद्दल, कारण पहिलं परीक्षण त्या सेवेचंच करायचं आहे.

माणसाच्या पेशी हायड्रोजन वायू बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. तो रक्तात उतरतो, फुप्फुसातून बाहेर पडतो, म्हणून फुंकर मारून आतड्याची बातमी कळते. कल्पना सुरेख आहे. पण तिची सगळी मदार तयारीवर असते. आदल्या दिवशी साधा पांढरा भात, अंडं, मासा असं फारसं न आंबणारं खाणं. मग आठ ते बारा तास उपास. आधीचे चार आठवडे प्रतिजैविक नाही, एक आठवडा जुलाबाचं औषध नाही. त्या दिवशी धूम्रपान नाही, व्यायाम नाही. पहिल्या केंद्रात मला यातलं काहीही सांगितलं नाही, फक्त "उपाशी या" एवढंच. मी दोन आठवड्यांपूर्वी दाढेसाठी प्रतिजैविक घेतलं होतं. ते मी काउंटरवर आपणहून सांगितलं, तर तिथल्या माणसाने "चालतं हो" म्हणून नळी हातात दिली. अहवाल आला, सगळं नॉर्मल. डॉक्टर बाईंनी तो वाचला, तारखा विचारल्या आणि कागद दुमडून ठेवला. "हा नसल्यासारखाच," म्हणाल्या.

दुसऱ्या ठिकाणी आठ दिवस आधी छापील सूचना मिळाल्या. दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण माहितीत एकही नाही. दहा ग्रॅम लॅक्ट्युलोजचं, म्हणजे आपल्याला न पचणाऱ्या एका साखरेचं, गोडमिट्ट पाणी प्यायचं आणि तीन तास दर पंधरा मिनिटांनी फुंकायचं. माझा हायड्रोजन ४ वर सुरू झाला आणि ७५व्या मिनिटाला ४१ झाला. २०१७ च्या उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या सहमतीनुसार पहिल्या ९० मिनिटांत २० ने वाढ झाली तर चाचणी सकारात्मक धरतात. मिथेन ३ वर राहिला. तो १० किंवा अधिक असता तर गोष्ट वेगळी होती, कारण मिथेन बनवणारे जिवाणू नसून आर्किया नावाचे वेगळेच जीव आहेत, त्याचं दुखणं बद्धकोष्ठाकडे झुकतं आणि औषधही बदलतं. म्हणून फक्त हायड्रोजन मोजणाऱ्या यंत्रावर तपासणी करू नका. जाण्याआधी फोनवर "दोन्ही वायू मोजता का?" एवढं विचारा. आणि ही चाचणी म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. ज्यांचं आतडं भराभर पुढे ढकलतं त्यांच्यात लॅक्ट्युलोज वेळेआधी मोठ्या आतड्यात पोचतं आणि खोटा होकार येतो. ग्लुकोजच्या चाचणीत उलटी अडचण असते. ते वरच शोषलं जातं, त्यामुळे खालच्या टोकाची गर्दी तिला दिसत नाही.

औषध म्हणून रिफाक्झिमिन मिळालं, चौदा दिवस, दिवसातून तीनदा. हे प्रतिजैविक आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ जात नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी माझं पोट सकाळइतकंच होतं. मी आरशासमोर बाजूने उभी राहून नवऱ्याला बोलावलं. त्याला काय बघायचं तेच कळेना.

साडेचार महिने चांगले गेले. मग एका रविवारी परत बटण सैल करावं लागलं. मी रडले, आणि मग जे केलं त्यातूनच खण भरला. तेव्हा मला माहीत असतं तर बरं झालं असतं की यात माझं काही चुकलं नव्हतं. २००८ साली छापून आलेल्या एका इटालियन अभ्यासात रिफाक्झिमिनने बऱ्या झालेल्या ८० जणांवर लक्ष ठेवलं होतं. तीन महिन्यांत सुमारे १३ टक्क्यांना, सहा महिन्यांत २७ टक्क्यांना आणि नऊ महिन्यांत जवळजवळ ४४ टक्क्यांना सिबो परत झाला. औषध गर्दी हटवतं, गर्दी का जमली ते बघत नाही.

तर आता खण. मुद्रितशोधनात आमच्या तीनच खुणा महत्त्वाच्या असतात: काढा, राहू द्या आणि शंका. त्याच वापरते.

पहिल्यांदा वनस्पतींच्या कॅप्सूल. तीन बाटल्या: ओरेगॅनोचं तेल, बर्बेरिन आणि लसणातलं ॲलिसिन. विकणाऱ्यांच्या प्रत्येक पानावर एकच आकडा छातीवर बिल्ल्यासारखा मिरवतो: वनस्पतींनी ४६ टक्के बरे, रिफाक्झिमिनने ३४ टक्के. मी मूळ निबंध काढून वाचला. २०१४ सालचा आहे, १०४ रुग्णांचा, आणि आकडे खरे आहेत. पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, म्हणजे योगायोगानेही तेवढा पडू शकतो. शिवाय कुणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. 'वनस्पती प्रतिजैविकाइतक्याच चालू शकतील, नीट तपासायला हवं' एवढंच त्यातून निघतं. 'वनस्पती सरस' हे विकणाऱ्यांनी घातलेलं. माझ्याकडे हे हस्तलिखित आलं असतं तर लाल पेन चाललं असतं.

चार आठवडे घेतल्या. फुगणं निम्म्यावर आलं, ते खरं. पण त्याच महिन्यात मी जेवणही बदललं होतं, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं? ओरेगॅनोच्या ढेकरा मात्र दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाहीत, त्या त्याच्याच. आतड्यात उघडणारं आवरण असलेली कॅप्सूल घ्या म्हणतात, माझी तशी नव्हती. ही मागची बाजू न वाचल्याची पहिली वेळ. आणि बर्बेरिनबद्दल गंभीरपणे: 'नैसर्गिक' शब्दाला भुलू नका. यकृतात औषधं मोडणाऱ्या विकरांमध्ये (एन्झाइममध्ये) ते ढवळाढवळ करतं, रक्तातली साखर खाली आणू शकतं, आणि गर्भारपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना घेऊच नये. माझ्या बाटलीवर यातलं एक अक्षर नव्हतं. तीन बाटल्यांवर मिळून खूण: शंका.

प्रोबायोटिक. इथे माझी खरी फजिती झाली. पुढे भलामोठा आकडा, पन्नास अब्ज जिवंत जिवाणू. अगं बाई, आधीच ज्या मजल्यावर गर्दी झालीय तिथे आणखी पन्नास अब्ज पाहुणे! तरी घेतलं, कारण ओळखीतल्या एकीला 'जादू' झाली होती. तिसऱ्या संध्याकाळी पोट असं फुगलं की मी पलंगावर गुडघे छातीशी घेऊन पडले. चौथ्या दिवशी डबा उलटा केला. मागची बाजू आधी न वाचल्याची ही दुसरी वेळ. इतर घटकांमध्ये दुसरंच नाव इन्युलिन. इन्युलिन म्हणजे जिवाणूंचं आवडतं खाद्य, भराभर आंबणारं. म्हणजे पाहुणे आले ते शिदोरी घेऊनच. कंपनीला मी लिहिलं, उत्तरात सवलतीचा कोड आला.

सगळी प्रोबायोटिकं वाईट असं म्हणणं नाही. वेगवेगळ्या जाती, वेगवेगळ्या माणसांत वेगवेगळं करतात, आणि काही छोट्या अभ्यासांत सिबोतही फायदा दिसलाय. पण डब्यावर जातीचं पूर्ण नाव नसेल, किंवा मागे इन्युलिन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, चिकोरीचं मूळ यातलं काही असेल, तर निदान सिबोवाल्यांनी ठेवून द्यावं. सॉर्बिटॉल, झायलिटॉल हे गोडवे चघळायच्या गोळ्यांत, च्युइंगममध्ये, अगदी खोकल्याच्या औषधातही असतात, तेही तसेच. खूण: काढा, दोनदा अधोरेखित.

पाचक विकरांच्या गोळ्यांवर फार बोलायला नको. दूध सोसत नसेल तर लॅक्टेज आणि कडधान्यांसाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज, ही दोन्ही ठरलेलं काम करतात. बाकी 'बारा विकरांचं मिश्रण' वगैरेंनी मला काही झालं नाही, चांगलंही नाही. कोळशाच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात बंद केल्या, कारण कोळसा आपली इतर औषधंही शोषून बसतो आणि ते मला माझ्या थायरॉइडच्या गोळीबाबत परवडणारं नव्हतं.

मोठा पांढरा डबा एलिमेंटल आहाराचा. हे पूरक नव्हे, पूर्ण जेवणच: सुटी अमिनो आम्लं, साखर, थोडं तेल, जीवनसत्त्वं. सगळं इतकं मोडलेलं की आतड्याच्या पहिल्या काही फुटांतच शोषलं जातं आणि खाली जिवाणूंच्या वाट्याला काही उरत नाही. दोन आठवडे फक्त हेच प्यायचं. २००४ च्या एका अभ्यासात ९३ जणांपैकी ८० टक्क्यांची श्वास-चाचणी पंधराव्या दिवशी नॉर्मल झाली. इतका मोठा आकडा मला या आजारात दुसरीकडे फारसा दिसला नाही.

त्या निबंधात चवीवर कोष्टक नव्हतं. ते मी देते. पहिला घोट: ओल्या पुठ्ठ्यात साखर. दुसरा: जीवनसत्त्वाची गोळी जिभेवर विसरल्यासारखं. बर्फ घालून, नाक दाबून, नळीने, सगळं करून झालं. मी चार दिवस टिकले. पाचव्या दिवशी मुलगी भात उकडत होती आणि त्या वाफेच्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ताट घेतलं. तोवर वजन दीड किलो उतरलं होतं. ज्यांचं वजन आधीच कमी आहे, मधुमेह आहे, किंवा ज्यांचं खाण्याशी नातं कधी बिघडलेलं आहे, त्यांनी हे डॉक्टरांच्या नजरेखालीच करावं, किंवा करूच नये. वस्तू खोटी नाही, मी कच्ची पडले. खूण: शंका, आणि समासात 'लेखिकेत दम नाही'.

जेवणावर येते. खणात न मावणारं हे एकच.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला लो-फॉडमॅप शिकवला. फॉडमॅप हा शब्द मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी २००५ मध्ये रूढ केला. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पटकन आंबणाऱ्या साखरांची ती मोट आहे: गहू-कांदा-लसणातली फ्रुक्टॅन्स, कडधान्यातले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातलं लॅक्टोज, काही फळांतलं जादाचं फ्रुक्टोज, आणि अळंबी-फुलकोबीतले पॉलिऑल. दोन ते सहा आठवडे हे सगळं कमी करायचं, मग एकेक गट परत आणून बघायचं, आणि शेवटी आपल्यापुरती यादी ठरवायची. तीन पायऱ्या. पहिल्या दिवशी बाईंनी तीन बोटं वर करून दाखवली होती.

मोनॅशचं ॲप मी रोज वापरलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत प्रामाणिक वस्तू ती. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे, पण दिवा पदार्थाला नसून मापाला आहे. हे फार लोक चुकतात. तोच पदार्थ दोन चमचे हिरवा, अर्धी वाटी लाल. केळं हिरवट असेल तर कमी, पिकून ठिपके पडले की जास्त. डबाबंद छोले पाणी ओतून, धुऊन घेतले तर बरे, कारण त्रासदायक साखर पाण्यात उतरते आणि पाण्याबरोबर जाते. उणीव एकच, स्वयंपाकघरात वजनकाटा आणि डोक्यात हिशेब कायमचा येऊन बसतो. जेवायला बसल्यावर फोन बघणारी मी घरात एकटीच, आणि मुलीला फोन ठेव म्हणायचा माझा अधिकार त्या दिवसांत गेला तो गेलाच.

लसूण सोडणं मला सर्वांत जड गेलं. एका साध्या रसायनशास्त्राने वाचवलं: फ्रुक्टॅन्स पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मग त्या तेलात पुढचा स्वयंपाक करायचा. वास येतो, त्रास येत नाही. (ते तेल ताजंच करा. घरी केलेलं लसणाचं तेल बाहेर ठेवून दिलं तर त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. एका आजारातून दुसऱ्यात जायला नको.) तसंच कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही.

तीन आठवड्यांत संध्याकाळचं पोट खाली बसलं. मग मी जी चूक केली ती माझ्यासारखे पुष्कळजण करतात. मी पहिल्याच पायरीवर घर बांधलं. सहा आठवडे सांगितले होते, मी सात महिने बसले. इतक्या दिवसांनी बरं वाटतंय तर कशाला छेडा? बाईंकडे परत गेले तेव्हा त्यांनी माझी वही चाळली आणि चष्मा काढला. "तुम्ही जिवाणूंना उपाशी ठेवलंत हे ठीक. पण मोठ्या आतड्यातल्या चांगल्यांनाही ठेवलंत. आणि स्वतःलाही." फॉडमॅप कमी केल्याने लक्षणं कमी होतात, जिवाणूंची गर्दी त्याने हटते असं म्हणायला पुरेसा आधार नाही, हेही त्यांनी तेव्हा परत सांगितलं. परत, कारण वहीच्या पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं.

मग एकेक गट आणला. तीन दिवस वाढतं माप, तीन दिवस विश्रांती. दुधाने काही झालं नाही. दोन वर्षं मी उगाच काळा चहा पीत होते. गहू अर्ध्या मापापर्यंत चालला. अळंबीने दोन तासांत धडा शिकवला. लसणाची एक पाकळी संध्याकाळी चढली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. म्हणजे सात महिने मी जे जे सोडलं होतं त्यातलं निम्म्याहून अधिक निरपराध निघालं.

आणि आता ज्याचा डबा नाही, बाटली नाही, म्हणून ज्याची जाहिरातही कुणी करत नाही, ते. दोन खाण्यांमधलं अंतर. पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी लहान आतड्यात एक लाट वरून खाली जाते आणि उरलंसुरलं, जिवाणूंसकट, पुढे झाडत नेते. खाल्लं की ही झाडू मारणारी थांबते. ज्यांना अन्नातून विषबाधा होऊन गेलीय, मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या आतड्यांची हालचाल दुसऱ्या कशाने मंदावलीय, त्यांच्यात ही लाट मुळातच अशक्त असू शकते आणि गर्दी परत परत जमण्याचं ते एक मोठं कारण मानतात. माझं तर काय, मुद्रितं तपासताना टेबलावर कायम वाटी. दोन शेंगदाणे, एक बिस्किट, पाच मिनिटांनी परत दोन शेंगदाणे. दिवसभर मी त्या झाडूवालीला दारात उभं करून ठेवत होते. आता जेवणांमध्ये चार-साडेचार तास पाणी आणि बिनदुधाचा चहा, बस. पहिला आठवडा चिडचिडीत गेला. त्या आठवड्यातल्या एका लेखकाच्या मुद्रितावर मी गरजेपेक्षा जास्त लाल केलं, ते मला आठवतंय. खूण: राहू द्या.

शेवटचा डबा, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. पार्शली हायड्रोलाइज्ड ग्वार गम, थोडक्यात पीएचजीजी. गवारीच्या बियांचा डिंक विकराने तोडून केलेली पांढरी पूड, पाण्यात विरघळणारा तंतू (फायबर). दिसायला काही नाही, चवीला काही नाही, वास नाही. पाण्यात टाकली की पाणी जसंच्या तसं, घट्टही होत नाही. इतकी निरस वस्तू की पहिल्या दिवशी मी चमचा टाकला होता की नाही हेच विसरले. डबा उलटा केला तर घटकांच्या रकान्यात एकच ओळ, एकच नाव. पाटीवर 'मित्र' नाही, 'अब्ज' नाही. माझ्यासारखीला तिथेच निम्मं समाधान.

तंतू म्हणजे जिवाणूंचं खाद्य, मग सिबोत कसा चालतो? मलाही तोच प्रश्न पडला. हा सावकाश आंबतो, इन्युलिनसारखा एकदम उसळत नाही. २०१० च्या एका अभ्यासात ७७ सिबो रुग्णांना काहींना नुसतं रिफाक्झिमिन आणि काहींना त्याच्याबरोबर रोज ५ ग्रॅम पीएचजीजी दिलं. नुसत्या औषधाने ६२ टक्के बरे झाले, जोडीने ८७. अभ्यास लहान आहे, मी त्यावर झेंडा रोवत नाही. पण डॉक्टर बाईंना दाखवला, त्यांनी होकार दिला आणि दुसऱ्या वेळचं रिफाक्झिमिन मी या पुडीबरोबर घेतलं.

सुरुवात अर्ध्या चहाच्या चमच्याने केली. एकदम ५ ग्रॅम घेऊ नका, पहिल्या चार-पाच दिवसांत थोडं गुडगुडतंच. दर पाच दिवसांनी थोडं वाढवत तीन आठवड्यांत पूर्ण मापावर आले. शौचाचं वेळापत्रक महिन्याभरात लागलं, जे मला लहानपणानंतर लागलेलं आठवत नाही. दोष सांगायचे तर दोन. आर्द्रतेत पुडीचे खडे होतात, तेव्हा झाकण घट्ट लावा. आणि ओला चमचा आत घातला की संपलंच, हे माझ्या नवऱ्याला तीनदा सांगूनही झालंय. घेताना नाव पूर्ण वाचा: नुसतं 'ग्वार गम' ही वेगळी, फुगून खळीसारखी होणारी वस्तू आहे. ती मी एकदा चुकून मागवली होती. मागची बाजू न वाचल्याची ती तिसरी वेळ.

दुसऱ्या कोर्सला आता चौदा महिने झाले. मधे एकदा लग्नाच्या जेवणावळीनंतर तीन दिवस वाईट गेले, मग बसलं. बी १२ ची गोळी रोज घेते आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. मागच्या अहवालात तो आकडा मधल्या रकान्यात होता. पुडीमुळे की अंतरामुळे की औषधामुळे, मला सांगता येणार नाही. तिन्ही एकदम चालू होतं, आणि एकेक बंद करून बघायची माझी छाती नाही.

खणात आता तीन डबे राहिलेत: बी १२, पीएचजीजी, आणि बाहेर जेवायला गेलं तर म्हणून कडधान्यांची विकरं. खण बंद होतो. पन्नास अब्जवाला डबा चांगला जाड काचेचा होता, तो धुऊन घेतला आणि त्यात लाल पेनं ठेवलीत. लेबल निघता निघेना, पुढचं खरवडून काढलं. मागचं तसंच राहू दिलंय.